सिगारेटचा धूर, वास आणि यूव्ही प्युरिफायर: घेण्याआधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात २ बीएचके, सासरे दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतात, तेही हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून, पावसात खिडक्या बंद, सोफ्याला-पडद्यांना वास बसलाय आणि दोन महिन्यांनी घरात बाळ येणार आहे. दुकानदाराने १८ हजारांचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा असलेला, एअर प्युरिफायर दाखवला आणि "यूव्हीने धूर, वास सगळं जळून जातं" असं सांगितलं, तर घेऊ का असं विचारलंय तुम्ही. मी बावीस वर्षं पुण्यात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतोय, हॉटेलच्या रूम, परमिट रूम, ऑफिसं, हॉस्पिटलची ओटी, आणि गेली काही वर्षं लोकांची घरंसुद्धा. यूव्हीचे दिवे मी स्वतः बसवतो, त्यामुळे त्या दिव्याशी माझं काही वैर नाही. पण तुमच्या कामासाठी ते चुकीचं हत्यार आहे, आणि का ते नीट समजलं तर पैसे वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. फक्त यूव्हीच्या भरवशावर घेत असाल तर घेऊ नका. त्याच मशीनमध्ये चांगला हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी दाट गाळणी) आणि वजनदार कार्बन फिल्टर (वासाच्या वाफा धरून ठेवणारा) असेल तर गोष्ट वेगळी, मग यूव्ही असला काय नि नसला काय, काम ते दोन फिल्टर करणार. आणि तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, वास जायला हवा हा एक आणि बाळाच्या छातीत धूर जायला नको हा दुसरा. हे दोन्ही एकच आहेत असं धरून चालू नका. वास गेला तरी धूर असू शकतो, आणि धूर गेला तरी भिंतीतून वास येत राहतो.

आता यूव्ही नेमकं काय करतो ते बघा. जंतू मारायची जी ट्यूब असते तिचा प्रकाश साधारण २५४ नॅनोमीटरचा असतो, हा आकडा म्हणजे प्रकाशलहरीची लांबी. हा प्रकाश जंतूच्या डीएनएवर पडला की डीएनए बिघडतो आणि जंतूची पुढे वाढ होत नाही. टीबीच्या वॉर्डात छताजवळ असे दिवे लावतात ते यासाठीच. मी मोठ्या एसीच्या युनिटमध्ये कॉइलसमोर लावतो, तिथे कायम ओल असते, बुरशी धरते, चिकट थर बसतो, तो थर यूव्हीने खरंच थांबतो, कारण दिवा रात्रंदिवस त्याच एका जागेवर पडत असतो. पण धूर जिवंत नसतो ना. त्याला डीएनए नाही, तो मरणार कसा? त्यातला बारीक कण २५४ नॅनोमीटरच्या उजेडातून गेला तरी पलीकडे तसाच्या तसा बाहेर पडतो.

शिवाय वेळेचा हिशोब बघा. घरगुती मशीनमधून हवा समजा सेकंदाला एक मीटर वेगाने जाते आणि आतला दिवा वीस सेंटीमीटर लांबीचा आहे, म्हणजे हवा दिव्यासमोर सेकंदाचा पाचवा हिस्सा असते. एवढ्या वेळात जंतूंचंसुद्धा पूर्ण काम होईल याची खात्री नसते, मग दुसऱ्या कशाची कुठून असणार. आणि एक सांगतो, कोविडनंतर बाजारात बरीच मशीनं आली ज्यात नुसता जांभळा एलईडी असतो, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा. दिसायला छान जांभळा, पण जंतू मारायला २५४ नॅनोमीटरची ट्यूब जे करते ते त्याच्याने होत नाही. दुकानात "यूव्ही" म्हटलं तर आकडा विचाराच.

सिगारेटचा धूर म्हणजे एक वस्तू नाही, तीन आहेत, आणि मी कुठेही कामाला गेलो तर या तिन्हींचा वेगवेगळा विचार करतो. पहिली म्हणजे कण. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, डोळ्याला दिसतो तो निळसर ढग म्हणजे हेच. दुसरी म्हणजे वायू आणि वाफा, यात निकोटीन, फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन, बेन्झिन, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड असे खूप काही येतात, एकूण सात हजारांच्या वर रसायनं मोजली गेली आहेत आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. नाकाला जो वास येतो तो मुख्यतः या वाफांचा. तिसरी म्हणजे थर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यावर, पडद्यात, एसीच्या ब्लोअरमध्ये बसलेला पिवळट चिकट थर, जो नंतर आठवडेच्या आठवडे हळूहळू वास सोडत राहतो. तुम्ही लिहिलंय की सासरे गावाला गेले होते तेव्हा पंधरा दिवस कोणी सिगारेट ओढली नाही तरी हॉलला वास होता, तो या तिसऱ्या गोष्टीचा. हवेचं कुठलंही मशीन भिंत पुसून देत नाही.

दुकानदार कदाचित म्हणेल की आमच्या मशीनमध्ये नुसता यूव्ही नाही, टायटॅनियमची जाळी पण आहे. ही गोष्ट खोटी नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर यूव्ही पडला की त्याच्या पृष्ठभागावर असे क्रियाशील कण तयार होतात जे वाफांना मोडतात. १९७२ साली जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि उजेड वापरून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तिथून हा सगळा विषय वाढला. प्रयोगशाळेत बंद डब्यात तासन्‌तास ठेवून चांगले आकडे येतात. अडचण घरातल्या मशीनमध्ये येते, कारण तिथे हवा थांबतच नाही. ओली लाकडं चुलीत घातली की कशी धड जळत नाहीत आणि धूर जास्त करतात, तसंच होतं इथे, मोठा रेणू पूर्ण मोडायच्या ऐवजी अर्धवट मोडतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड असले छोटे वायू बाहेर येऊ शकतात. सिगारेटच्या धुरात आधीच ते आहेत, वर आणखी कशाला. शिवाय चिकट धुराचा थर त्या जाळीवर बसला की जाळीपर्यंत उजेडच पोचत नाही.

आता ओझोन, आणि हे जरा नीट वाचा कारण घरात बाळ येणार आहे. काही यूव्ही दिवे २५४ बरोबर १८५ नॅनोमीटरचा प्रकाशही सोडतात, आणि त्याने हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. काही मशीनं मुद्दाम ओझोन सोडतात आणि त्याला "फ्रेश मोड" किंवा "ॲक्टिव्ह ऑक्सिजन" असं गोड नाव असतं. मला आठवतंय, लोणावळ्याच्या बाजूला एका छोट्या रिसॉर्टच्या रूममधून सिगारेटचा वास जात नाही म्हणून मला बोलावलं होतं. मालकाने आधीच असं एक मशीन आणून रात्रभर रूममध्ये चालू ठेवलेलं, सकाळी दार उघडलं तर क्लोरीनसारखा तीक्ष्ण वास, डोळे चुरचुरले, घसा खवखवला. दोन तास दारं-खिडक्या उघडी ठेवल्यावर मालक म्हणाला बघा गेला ना सिगारेटचा वास. संध्याकाळी पुन्हा त्याच रूममध्ये उभं राहिलो तर वास परत. ओझोन नाकाला बधिर करतो हा एक भाग, आणि पडद्या-गादीतला साठा तसाच राहिला हा दुसरा. त्याहून वाईट म्हणजे ओझोन निकोटीनशी अभिक्रिया करून अगदी सूक्ष्म नवीन कण तयार करतो. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणातून बाहेर पडणाऱ्या ओझोनची मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे आणि कॅलिफोर्नियात घरगुती एअर क्लीनरलाही तीच लागू आहे. आपल्याकडे दुकानात हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच विचारा की हे मशीन ओझोन सोडतं का. उत्तर "थोडासा" असं आलं तर परत फिरा.

मग उपयोगाचं काय? कणांसाठी हेपा. तुमचा हॉल समजा १०x१६ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे अंदाजे ४३ घनमीटर हवा. एक सिगारेट जळताना ढोबळमानाने १० मिलिग्रॅम बारीक कण सोडते. ते या हॉलमध्ये पसरले की घनमीटरला २३० मायक्रोग्रॅमच्या आसपास होतात. आपल्या देशातलं बाहेरच्या हवेचं पीएम २.५ चं, म्हणजे अशाच बारीक कणांचं, चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. खिडक्या बंद असल्या की घराची हवा तासाला जेमतेम अर्धी बदलते, मग हे कण निम्मे व्हायला सुमारे दीड तास लागतो, आणि तोवर दुसऱ्या सिगारेटची वेळ झालेली असते. म्हणजे दिवसभर हॉल कधी स्वच्छ होतच नाही. आता तिथे तासाला ३०० घनमीटर सीएडीआर (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) असलेलं मशीन ठेवलं तर हॉलची हवा तासात सात वेळा गाळली जाते आणि कण निम्मे व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, अर्ध्या तासात जवळजवळ संपतात. फरक मोठा आहे. म्हणून मी कायम सांगतो, खोक्यावरच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते सोडा, सीएडीआर किती ते बघा, आणि तो आकडा फुल स्पीडचा असतो हे लक्षात ठेवा. लोक आवाज नको म्हणून मशीन स्लीप मोडवर ठेवतात आणि मग म्हणतात उपयोग झाला नाही.

वासासाठी मात्र हेपा उपयोगाचा नाही, वाफा त्यातून आरपार जातात. तिथे ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमला आतून हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, वाफा त्या छिद्रांत जाऊन चिकटतात. पण किती ग्रॅम आहे हा प्रश्न आहे! बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये कार्बन म्हणजे काळा स्पंजचा पातळ तुकडा असतो, त्यात कार्बन किती, तर नावापुरता. दुकानात फिल्टर हातात घेऊन उचलून बघा. कार्बनचा भाग जड लागला, हलवल्यावर आत दाणे खुळखुळले तर काहीतरी आहे. ज्या घरात रोज सिगारेट ओढली जाते तिथे निदान अर्धा-एक किलो दाणेदार कार्बन असल्याशिवाय मी तरी वासाची हमी देत नाही. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कार्बनची बरीच छिद्रं पाण्यानेच भरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर तो कमी काम करतो, लवकर भरतो, आणि भरलेला कार्बन उलट वास सोडायला लागतो. कंपनी वर्षभर म्हणाली तरी तुमच्या घरात तो तीन-चार महिन्यांत बदलावा लागेल असं धरून बजेट करा. मशीनच्या किमतीपेक्षा फिल्टरची किंमत आधी विचारा.

आणि कार्बन मोनॉक्साइड. तो हेपात अडकत नाही, साध्या कार्बनला चिकटत नाही, यूव्हीला जुमानत नाही. तो फक्त बाहेर घालवता येतो. म्हणूनच माझ्या धंद्यातली जी जगभर मानली जाणारी संस्था आहे, अमेरिकेतली ॲश्रे, तिची भूमिका स्पष्ट आहे की घरातल्या तंबाखूच्या धुराचा आरोग्याला असलेला धोका पूर्ण घालवायचा असेल तर आत धूम्रपान बंद करणं हाच मार्ग, व्हेंटिलेशन किंवा एअर क्लीनरने ते होत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालातही हेच आहे, दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही. मी मशीनं विकणाऱ्यांच्या बाजूचा माणूस असून हे लिहितोय, कारण नवजात बाळाच्या बाबतीत "बऱ्यापैकी कमी झालं" हे मला पुरेसं वाटत नाही.

आपल्याकडेही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आहे आणि मोठ्या हॉटेलांना स्मोकिंग रूम करायची तर नियम असा की तिथली हवा थेट बाहेर गेली पाहिजे, बाकी इमारतीच्या हवेत परत मिसळता कामा नये, आणि रूममध्ये निगेटिव्ह प्रेशर पाहिजे, म्हणजे दार उघडलं तर बाहेरची हवा आत जावी, आतली बाहेर येऊ नये. अशा रूम मी केल्यात. तिथे यूव्ही आम्ही विचारातही घेत नाही, सगळा खेळ एक्झॉस्टचा आणि दाराचा असतो. तुमच्या घरात हॉलला हे करता येत नाही कारण हॉल मधोमध आहे, सगळ्या खोल्यांची दारं त्यात उघडतात, आणि तुमच्या स्प्लिट एसीला तर बाहेरची हवा घेताच येत नाही, तो तीच तीच हवा फिरवतो.

म्हणून सिगारेट बाल्कनीत न्या, पण तिथेही एक गोष्ट बघावी लागते जी लोकांच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू असला की घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि तेवढीच हवा कुठून तरी आत ओढली जाते. बाल्कनीच्या दाराला फट असेल तर ती बाल्कनीतूनच आत येते, धुरासकट. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, तुमची बाल्कनी त्या दिशेला असेल तर आणखी त्रास. तपासायला सोपं आहे, अगरबत्ती पेटवून बाल्कनीच्या बंद दाराच्या फटीशी आतून धरा, एकदा चिमणी बंद ठेवून आणि एकदा चालू करून. धूर घराच्या आत वळला तर फटीला रबरी पट्टी लावा, चिमणी चालवताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे हवा तिथून येईल. दार सरकतं असेल तर पट्टी नीट बसत नाही, मग खालच्या फटीला ब्रश येतो तो लावून घ्या. बाल्कनी जर काचेने बंद केलेली असेल तर ती बाल्कनी राहिलेली नाही, खोलीच आहे, तिथे नऊ इंची एक्झॉस्ट फॅन लावा आणि सिगारेट विझल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या.

उरला तिसरा भाग, थर. हे काम आत्ताच, बाळ यायच्या आधी संपवा आणि तुम्ही स्वतः करू नका, या दिवसांत तुम्ही शिडीवर चढायचं नाही. पडदे, सोफ्याची कव्हरं धुवून काढा, सोफ्याच्या फोमला फार वास असेल तर फोम बदलणं स्वस्त पडतं. भिंतीवर ओलं पांढरं फडकं एकदा फिरवून बघा, पिवळं झालं तर कोमट पाण्यात डिटर्जंट घालून खालून वर पुसायचं, मग साध्या पाण्याने. पंख्याची पाती, ट्यूबची पट्टी, दारांच्या वरच्या कडा, फोटोंच्या मागचा भाग विसरू नका. घराला नवीन रंग द्यायचा असेल तर पेंटरला स्पष्ट सांगा की आधी भिंत धुवून सुकवायची आणि ऑइल बेस प्रायमरचा हात मारायचा, नुसता पाण्याचा इमल्शन मारला तर महिन्या-दोन महिन्यांत पिवळे डाग आणि वास दोन्ही वर येतात, हे मी इतक्या घरांत बघितलंय. हे काम मात्र डिलिव्हरीच्या किमान महिनाभर आधी उरकून घर उघडं ठेवा, कारण त्या प्रायमरलाही वास असतो, आणि ते दोन-चार दिवस तुम्ही माहेरी राहिलात तर उत्तम. एसीची साधी सर्व्हिस नको, ब्लोअर आणि कॉइल उघडून केमिकल वॉश करून घ्या. कितीतरी वेळा घराला येणारा "सिगारेटचा वास" एसीच्या ब्लोअरमधूनच येत असतो.

या थराचा त्रास नुसत्या वासाचा नाही. भिंतीवरचं निकोटीन हवेतल्या नायट्रस ॲसिडशी मिळून कॅन्सरकारक नायट्रोसामाइन तयार करतं हे २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आलं, आणि नायट्रस ॲसिड आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या ज्वाळेतूनही येतं. बाळ रांगायला लागलं की हात जमिनीवर आणि मग तोंडात.

एवढं करून पैसे उरले तर हेपा आणि कार्बनवालं मशीन घ्या, बाळाच्या खोलीत ठेवा, दार लावून चालवा. त्यात यूव्हीचं बटण वेगळं असेल तर ते बंदच ठेवा.

आता सासऱ्यांचं. माझे वडील बिडी ओढायचे, आयुष्यभर. माझी मुलगी झाली तेव्हा मी त्यांना धुराचं शास्त्र सांगायला गेलो आणि ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. मग आईने गच्चीत त्यांची खुर्ची नेऊन ठेवली, वर एक जुना सदरा खुंटीला अडकवला, आणि एवढंच म्हणाली की बाळाला घ्यायचं असेल तर बिडीनंतर हा सदरा काढून, हात-तोंड धुवून खाली यायचं. नातीला घ्यायला मिळावं म्हणून त्यांनी ते रोज केलं, पावसातसुद्धा. कपड्यांवर आणि श्वासात धूर बराच वेळ राहतो, म्हणून तो सदरा काढणं खरंच कामाचं आहे. तुमच्याकडेही हे तुम्ही बोलण्यापेक्षा तुमच्या मिस्टरांनी किंवा सासूबाईंनी बोललेलं बरं. आणि सासऱ्यांच्या मनात सोडायचं कधी आलंच तर सरकारची १८००-११-२३५६ ही टोल फ्री क्विटलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, कोणी काही म्हणायची गरज नाही.

बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, उघडी की काचेची, आणि चिमणी डक्टची आहे की बिनडक्टची हे कळवा, म्हणजे दाराचं आणि एक्झॉस्टचं नेमकं सांगता येईल.